चौदा मिलिसेकंद

गेल्या कार्तिकात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, नागपूरच्या एका रुग्णालयात माझ्या हृदयाचा एमआरआय झाला आणि त्याच वेळी माझी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी, किती ताठर झाली आहे याचीही मोजणी झाली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे आमच्या गावात घरोघरी आहेत, पण ही मोजणी करून घेतलेला माणूस माझ्या ओळखीत कोणीही नव्हता. त्यामुळे जाण्यापूर्वी विचारायचे कोणाला, हाच मोठा प्रश्न होता. माझ्यानंतर कोणाला असे जावे लागले तर त्याच्या हाताशी काही असावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, वय ६१ आहे. आकडे लिहून ठेवण्याची सवय जुनी असल्याने रक्तदाबाचीही वही आहे. पन्नाशीत वरचा १५० आणि खालचा ९४ असे. पुढे वरचा हळूहळू १६० च्या पलीकडे गेला आणि खालचा मात्र उतरत ७८ वर आला. खालचा उतरला याचा मला आनंदच वाटत होता. एका शिबिरात तपासणाऱ्या डॉक्टरांनी वही पाहून, खालचा उत्तम आहे, वरचा वयाप्रमाणे वाढायचाच, असे सांगितले आणि मी निश्चिंत झालो. ती निश्चिंती मला तीन वर्षांना पडली, हे आज लिहिताना मनाला लागते, कारण वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर ५६ वरून ८० च्या पुढे गेले होते आणि ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर लिहिलेले होते. गणिताच्या माणसाने निदान वजाबाकी तरी करायला हवी होती.

जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा अमरावतीला इको केला. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर जाड निघाली, आणि हृदयातून वर निघणारी महाधमनी ३८ मिलिमीटर रुंद. भिंत रक्तदाबामुळे जाड झाली आहे की हृदयाच्या स्नायूचाच काही आजार आहे, हे नक्की करण्यासाठी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी नागपूरला एमआरआय करायला सांगितले. आदल्या संध्याकाळी मी आणि सौभाग्यवती बडनेऱ्याहून गाडीने नागपूरला भाच्याकडे उतरलो.

सकाळी एमआरआय विभागातल्या डॉक्टरबाईंनी कागद पाहिले, वहीही पाहिली, आणि वहीवर बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, हृदयाच्या चित्रांसोबत तुमच्या महाधमनीची दहा-बारा मिनिटांची जास्तीची चित्रे घेऊ का? आमच्याकडे त्याचा अभ्यास चालू आहे. वेगळे पैसे नाहीत, वेगळे इंजेक्शनही नाही. पण तुमची संमती लागेल.” कशासाठी, असे मी विचारले. तुमच्या दोन आकड्यांमध्ये एवढे अंतर का पडले ते त्यातून कळेल, असे त्या म्हणाल्या. मी सही केली.

त्यांनी समजावले ते असे. हृदय रक्त सोडते ते ठोक्याठोक्याने, पण अवयवांना रक्त लागते ते सतत. हा मेळ महाधमनी घालते. ठोका पडला की ती फुगते, आलेल्या रक्तातले काही पोटात साठवते, आणि हृदय विसावते तेव्हा आकसून ते पुढे ढकलते. मला चटकन आमचा पाठीवरचा फवारणी पंप आठवला. त्याचा दांडा आपण थांबून थांबून हलवतो, तरी नोझलमधून फवारा अखंड येतो, कारण आत एक छोटी बंद कोठी असते. दांडा दाबला की पाणी त्या कोठीतली हवा दाबते, आणि दांडा वर जातो तेवढ्या वेळात ती दबलेली हवा पाणी बाहेर लोटते. कोठी निकामी झाली की फवारा झटक्याझटक्याने येतो, दांडा जड लागतो आणि खांदा भरून येतो. मी हे बोललो तेव्हा डॉक्टरबाईंना फार आनंद झाला. स्टीफन हेल्स या इंग्रज अभ्यासकाने १७३३ मध्ये नेमकी हीच उपमा दिली होती, फक्त त्याच्यासमोर आग विझवण्याच्या पंपातली हवेची कोठी होती, आणि १८९९ मध्ये ओटो फ्रांक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्याच कल्पनेला गणिताचे रूप दिले, असे त्यांनी सांगितले.

माझी कोठी ताठर झाली होती. महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचे लवचीक तंतू थराथराने असतात. ते लहानपणीच तयार होतात आणि मोठेपणी जवळजवळ नव्याने बनत नाहीत. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला ३ कोटी ६७ लाख ९२ हजार ठोके होतात, म्हणजे ६१ वर्षांत सव्वादोनशे कोटींच्या आसपास. तेवढ्या वेळा ताणून सैल झालेले तंतू झिजतात, तुटतात, आणि ताण कोलॅजनच्या कडक तंतूंवर येतो. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि मूत्रपिंडाचे आजार ही झीज लवकर घडवून आणतात. भिंत फुगत नाही म्हणून ठोक्याच्या वेळचा वरचा दाब चढतो, आणि आकसून ढकलायला साठा उरत नाही म्हणून खालचा उतरतो. ज्या उतरत्या आकड्याचा मी आनंद मानत होतो त्याचा अर्थ हा होता. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मुख्यतः विसाव्याच्या वेळी भरतात, म्हणजे काम वाढलेल्या हृदयाला नेमका त्याच वेळी दाब कमी पडतो.

तपासणीआधीच्या प्रश्नावलीला लोक घाईने ‘नाही, नाही’ लिहीत जातात, तसे कोणी करू नये. पेसमेकर आहे का, मेंदूतल्या रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, शरीरात सळई-प्लेट आहे का, इथपर्यंत माझीही उत्तरे ‘नाही’ होती. पुढचा प्रश्न होता, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. मी थबकलो. वयाच्या अठराव्या वर्षी वडिलांसोबत लोहाराकडे वखराची पास शेवटायला, म्हणजे पाते तापवून ठोकून घ्यायला, गेलो होतो, तेव्हा घण पडताच उडालेला कण माझ्या उजव्या डोळ्यात गेला होता. चार दिवस डोळा लाल होता, मग बरे वाटले, आणि कण निघाला की नाही हे पाहण्यासाठी कोणाकडे गेलोच नाही. मी ते लिहिले. लगेच मला डोळ्यांच्या एक्स-रेसाठी पाठवण्यात आले. खोलीतल्या चुंबकाचे क्षेत्र दीड टेस्ला होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक. बुबुळाच्या मागे लोखंडाचा बारीक कण दडलेला असेल तर तो त्या क्षेत्रात सरकतो आणि दृष्टी जाऊ शकते. एक्स-रे स्वच्छ निघाला. पाऊण तास मोडला, पण त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आमच्याकडे शेतीची अवजारे, वेल्डिंग, ग्राइंडर यांच्याजवळ वावरलेला माणूस घरोघरी आहे, त्या प्रत्येकाने हा प्रश्न नीट वाचावा.

मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिनही आधी पाहिले. हृदयाच्या स्नायूत व्रण आहे का ते पाहण्यासाठी गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात आणि मूत्रपिंड फार अधू असेल तर ते देताना विचार करावा लागतो. आम्ही खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला गोडे पाणी लागत नाही, आणि मूत्रपिंडाचे दुखणे आमच्याकडे ओळखीचे आहे. त्यामुळे त्या कागदाची मला धास्ती होती. आकडा ठीक निघाला. महाधमनीच्या मोजणीला मात्र इंजेक्शन लागतच नाही, कारण वाहणारे रक्त स्वतःच खूण देते.

आंगठी, घड्याळ, दंडावरचा तांब्याचा ताईत आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढून सौभाग्यवतीच्या हाती दिला. लग्नानंतर करदोडा अंगावरून पहिल्यांदाच उतरत होता आणि तिचे डोळे भरून आले. तंत्रज्ञ तरुण मुलगा होता. तो म्हणाला, “काऊन घाबरून राहिल्या काकूजी? तासाभरात परत देतो ना काकाजींना.” त्या एका वाक्याने आम्हा दोघांनाही धीर आला.

छातीवर ईसीजीचे चार डिंक, म्हणजे वायर जोडायच्या चिकट चकत्या, लावले, पण पडद्यावर रेघ काही धड उमटेना. चूक माझी होती. प्रवासाला निघण्याआधी अंगाला तिळाचे तेल लावून आंघोळ करण्याची माझी रीत आहे, आणि त्या तेलावर डिंक बसत नव्हते. छाती स्पिरिटने पुसून, केस काढून ते पुन्हा लावावे लागले. या चित्रणाचा सारा हिशोब ईसीजीवर चालतो, म्हणून जाणाऱ्याने त्या दिवशी छातीला तेल, मलम, पावडर काहीही लावू नये. चुंबकात गेल्यावर ईसीजी आणखी बिघडतो, हेही मला तिथेच कळले. रक्त वीज वाहून नेते, आणि महाधमनीतून वेगाने जाणारे रक्त एवढ्या मोठ्या चुंबकीय क्षेत्रातून सरकले की त्यातच थोडा विद्युतदाब निर्माण होतो आणि तो ईसीजीच्या रेघेवर चढतो. शाळेत सायकलच्या डायनॅमोवरून मी मुलांना जो नियम सांगत असे, तो माझ्याच छातीत घडत होता.

बोगदा अरुंद आहे. कपाळापासून वरचा पत्रा वीतभर अंतरावर दिसतो. हातात रबराचा फुगा देतात, तो दाबला की बाहेर घंटा वाजते. दंडावर लांब रबरी नळीचा रक्तदाबाचा पट्टा बांधला होता, कारण धमनी किती फुगली हे मोजताना त्याच वेळचा दाब लागतो, तासाभरापूर्वी बाहेर घेतलेला चालत नाही. कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन होते, तरी मळणीयंत्राच्या तोंडाशी डोके ठेवून निजल्यासारखा खडखडाट येत होता. डोळे मिटून घेतले तर सोपे जाते. मी आत जाण्यापूर्वीच मिटले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

कठीण काम श्वासाचे. हेडफोनमधून आवाज येई, “काकाजी, श्वास घ्या. सोडा. आता थांबा.” श्वास सोडून दहा ते पंधरा सेकंद थांबायचे. पहिल्या तीन वेळा मी सवयीने श्वास भरून थांबलो. भरलेला श्वास प्रत्येक वेळी सारखा नसतो, त्यामुळे हृदय आणि महाधमनी दर वेळी निराळ्या जागी दिसू लागली. डॉक्टरबाई स्वतः बोलल्या, “गुरुजी, रिकामे होऊन थांबा.” ते शब्द मला नेमके कळले. पुढे एक अडचण आली. माझा मधूनच एक ठोका लवकर पडत होता, आणि महाधमनीच्या वेगाची चित्रे अनेक ठोक्यांतले तुकडे जुळवून बनत असल्याने तो एक अवेळी ठोका सगळे पुसट करी. ती फेरी दोनदा करावी लागली. पन्नास मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा पाठ आखडली होती. बाकी काही नाही.

दुपारी डॉक्टरबाईंनी मला पडद्यासमोर बसवून चित्रे दाखवली. महाधमनी हृदयातून वर निघते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. छातीचा एक आडवा छेद घेतला की त्यात ती दोनदा सापडते, पुढे चढणारी आणि मागे उतरणारी. ठोका पडला तसे पुढचे वर्तुळ पांढरे शुभ्र झाले आणि मागचे काळे कुळकुळीत. डोक्याकडे जाणारे रक्त पांढरे आणि पायाकडे जाणारे काळे, अशी त्या चित्राची भाषा आहे. एकच रक्त, एकच नळी, आणि दोन रंग. मग दोन्ही विझले, करडे झाले, आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा उजळले. आपल्या आत जन्मापासून हे चालू आहे आणि आपण ते कधी पाहिले नव्हते, या विचाराने माझा कंठ दाटून आला.

यंत्राला वेग कळतो तो कलांतरावरून, म्हणजे केंद्रकांच्या फिरकीत पडलेल्या मागे-पुढेपणावरून. चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम क्षणभर एका बाजूने चढ आणि लगेच तेवढाच उतार निर्माण करतात. जागेवर असलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा हिशोब फिटून शून्य होतो, पण दरम्यान पुढे सरकलेल्या रक्तातल्या केंद्रकांचा फिटत नाही, आणि उरलेले कलांतर वेगाच्या प्रमाणात असते. प्रत्येक बिंदूचा वेग असा मिळतो. त्यातून दोन आलेख निघतात, एक चढणाऱ्या नळीचा आणि एक उतरणाऱ्या नळीचा. आकार साधारण सारखाच, फक्त दुसरा किंचित उशिरा उठतो. दोघे जिथून उठतात त्या दोन बिंदूंमधला वेळ, तो ठोक्याच्या दाबाच्या लहरीला हे वळण पार करायला लागलेला वेळ.

लहर म्हणजे रक्त नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे, कारण माझाही आधी तोच गोंधळ झाला होता. बडनेरा स्टेशनावर मालगाडीला इंजिन जोडताना धक्का बसतो, तो खडखडत शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, तोवर डबे जेमतेम हातभर हललेले असतात. रक्त डब्यांसारखे, लहर त्या धक्क्यासारखी. महाधमनीत रक्त सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने धावते, तर लहर त्याच्या कितीतरी पट वेगाने जाते, आणि भिंत जितकी ताठर तितकी अधिक वेगाने.

माझ्या महाधमनीच्या वळणाची लांबी, मधल्या रेषेने मोजून, १२६ मिलिमीटर भरली. लहरीला लागलेला वेळ १४ मिलिसेकंद. भागाकार मी तिथेच तोंडी केला. सेकंदाला ९ मीटर. निरोगी तरुण माणसात हा वेग ४ ते ५ मीटर असतो. वेगाचा ताठरपणाशी संबंध मोएन्स आणि कोर्टेवेग या डच अभ्यासकांनी १८७८ मध्ये दाखवला होता. त्यांच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे बाकी सारे सारखे धरले तर वेग दुप्पट होणे म्हणजे भिंत चौपट ताठर होणे. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

पण त्याच गणिताने मला दुसरी बाजूही दाखवली. चौदाऐवजी १२ मिलिसेकंद मोजले गेले असते तर वेग साडेदहा आला असता, आणि १६ मोजले गेले असते तर आठाच्याही खाली. दोन मिलिसेकंदांच्या चुकीने एवढा फरक पडतो. म्हणून चित्रांमधला काळ शक्य तितका लहान ठेवावा लागतो, म्हणून श्वास, म्हणून ईसीजी, म्हणून तेल पुसण्याची ती सारी खटपट. मी हे बोलून दाखवले तेव्हा डॉक्टरबाईंनी ते मान्य केले आणि दुसरे मोजमाप पुढे ठेवले. चढत्या महाधमनीचा छेद आकसलेला असताना १०.८ चौरस सेंटिमीटर होता, आणि फुगल्यावर ११.६, म्हणजे वाढ जेमतेम साडेसात टक्के, तीही १५६ आणि ७६ असा ८० चा फरक ढकलत असताना. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकाच बाजूला येत होते, म्हणून मी ते स्वीकारले. मानेपासून जांघेपर्यंत नाडी धरून हाच वेग मोजण्याची जुनी रीत आहे आणि तिथे १० मीटर ही धोक्याची खूण मानतात, पण ती खूण वळणापुरत्या मोजलेल्या माझ्या ९ ला जशीच्या तशी लावू नका, असेही त्यांनी बजावले. हृदयाच्या स्नायूत व्रण नव्हता. भिंतीची जाडी रक्तदाबाचीच होती.

तुटलेले इलॅस्टिन परत आणणारे औषध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. दाब काबूत ठेवला तर भिंतीवरचा ताण कमी होतो आणि पुढची झीज मंदावते, एवढे हाती आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेण्याची खोड आमच्याकडे फार आहे. मिठाचे मात्र लिहितो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळ्या पदार्थांत मिळून. सौभाग्यवतीने माझ्यापुरते मीठ सकाळी वाटीत मोजून काढायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आले की एक वेळचा ठेचा, लोणच्याची फोड आणि दोन पापड यांतच वाटी रिकामी होते. पापड गेले, लोणचे सणापुरते उरले. जेवणानंतर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्याची पंचवीस वर्षांची सवय सोडताना पहिले वीस दिवस फार जड गेले. पहाटे पांदण रस्त्याने चाळीस मिनिटे चालतो.

वहीत आता तिसरा रकाना आखला आहे. पाच मिनिटे शांत बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा मोजतो आणि वजाबाकी लिहितो. शेजारचे दोघे-तिघे आपापले आकडे घेऊन ओट्यावर येऊ लागले आहेत. त्यांनाही मी आधी वजाबाकी करायला लावतो, आणि अंतर ६० च्या पुढे दिसले तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवायला सांगतो. पुढच्या कार्तिकात त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजायचे ठरले आहे, म्हणजे दोन मोजमापे शेजारी ठेवता येतील. काल सकाळी वरचा १३८ आणि खालचा ७४ होता. तिसऱ्या रकान्यात ६४ लिहिले.